रजेच्या अर्जातलं ‘इतर’

(सिकलसेल असलेल्या मुलांचे पालक आणि कामगार प्रतिनिधी यांच्या चंद्रपूर इथल्या एकत्र बैठकीत केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)



सिकलसेलवर बोलायला इथं माझ्यापेक्षा जाणकार माणसं बसली आहेत. डॉक्टर आहेत, सिस्टर आहेत, गावोगाव फिरून रक्ताचे नमुने घेणाऱ्या आशाताई आहेत. मी सॉफ्टवेअर इंजिनियर. त्यामुळे आजाराबद्दल मी गरजेपुरतंच बोलेन. मला बोलायचंय ते या मुलांच्या आईबापांबद्दल, आणि त्यातही ते कामावर असतात तेव्हाबद्दल. हजेरी लावल्यापासून घराकडे निघेपर्यंतचे आठ, दहा, बारा तास. त्या तासांत हा माणूस मनात काय घेऊन बसलाय, हे शेजारी बसणाऱ्याला माहीत नसतं, मुकादमाला माहीत नसतं, आणि बहुतेक वेळा तो आपण होऊन सांगतही नाही. का सांगत नाही, त्याकडे मी येणारच आहे.

मी मूळचा बल्लारपूरचा. इंजिनियरिंग चंद्रपुरात केलं. नागपूरच्या एका कंपनीत कामाला आहे, आठवड्यातून दोन दिवस तिकडे जातो, बाकी दिवस घरून काम करतो. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. आमची मुलगी नऊ वर्षांची आहे. तिला सिकल-बीटा थॅलेसेमिया आहे. म्हणजे सिकलसेलचा जनुक माझ्याकडून आला आणि थॅलेसेमियाचा तिच्या आईकडून. आम्हा दोघांना आयुष्यात कधी काही त्रास झालेला नाही. दोघांचं रक्त एकत्र आलं तेव्हा हिशेब समजला.

मला हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, “तुमच्यात कसा काय हा आजार? हा तर आदिवासींचा ना?” आदिवासींमध्ये त्याचं प्रमाण जास्त आहे हे खरं. मध्य भारतातल्या काही आदिवासी समूहांत शंभरातले वीस ते पस्तीस लोक वाहक असल्याचं तपासण्यांतून दिसलंय. पण विदर्भात तो अनुसूचित जातींत आहे, तेली-कुणबी घरांत आहे, आणि आमच्यासारख्या मुसलमान घरांतही आहे. भारतात हा आजार पहिल्यांदा नोंदवला गेला १९५२ साली, आणि नागपूरच्या डॉक्टर शुक्ला आणि डॉक्टर सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं ते १९५८ साली. म्हणजे आपल्या भागाला हा आजार ठाऊक होऊन साठ वर्षं उलटून गेलीत. तरी ‘तुमच्यात कसा?’ हा प्रश्न काही संपत नाही.

आता गरजेपुरता आजार. लाल रक्तपेशी गोल, मऊ असतात. या मुलांमध्ये त्या विळ्यासारख्या वाकतात, ताठ होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांमध्ये अडकतात. जिथं अडकतात तिथं रक्त पोचत नाही आणि असह्य दुखतं. त्याला आपण सगळे क्रायसिस म्हणतो. तो ऊन लागल्याने येतो, पाणी कमी प्यायल्याने येतो, थंडीने, तापाने, दमल्याने येतो, आणि कधी कशानेच न येता येतो. काही तास राहतो किंवा आठ दिवस राहतो. कधी छातीत उतरतो. लहान मुलांमध्ये कधी पाणथरीत अचानक रक्त साठतं आणि ती सुजते, म्हणून आईला पोट चाचपून पाणथरी ओळखायला शिकवतात. माझ्या बायकोची बोटं आजही झोपलेल्या मुलीच्या डाव्या बरगडीखाली जातात, तिच्या नकळत.

एवढ्यावरून एक गोष्ट लक्षात येईल. हा आजार आधी कळवून येत नाही. आणि रजा ही चीज आधी कळवून घ्यायची असते. माझ्या सगळ्या बोलण्याचा गाभा या विसंगतीत आहे.

काही वर्षांपूर्वी एका ग्राहकासाठी आमच्या टीमने रजेचं सॉफ्टवेअर बनवलं होतं. त्यात रजेचं कारण निवडायची एक यादी होती. ग्राहकानेच पाठवलेली. स्वतःचा आजार. विवाह. बाळंतपण. निकटच्या नातेवाइकाचा मृत्यू. वैयक्तिक काम. आणि सगळ्यात खाली ‘इतर’. मुलीचं निदान झाल्यानंतर मी माझ्या स्वतःच्या कंपनीत रजा टाकायला लागलो तेव्हा बघितलं, यादी जवळपास तीच. स्वतःचा आजार निवडावा तर आजारी मी नाही. मृत्यू निवडण्याची वेळ अल्लाच्या कृपेनं आलेली नाही. मग इतर. एका वर्षात मी अकरा वेळा ‘इतर’ निवडलं. वर्षाअखेरच्या मूल्यमापनात माझ्या वरिष्ठांसमोर एक तक्ता होता, आणि त्यात या अकरा नोंदींचा अर्थ ‘उपलब्धता अनिश्चित’ असा निघाला होता. त्या बिचाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. त्याला जे दिसत होतं ते त्याने वाचलं.

मेलेल्या माणसासाठी दुःख करण्याची आपल्याकडे रीत आहे. मुसलमानांत तीन दिवस घरात चूल पेटत नाही, शेजारी जेवण आणून देतात, पुढे चाळीसावा होतो. शेजारच्या हिंदू घरात दहावं, तेरावं होतं. कंपनीसुद्धा दोन-तीन दिवस देते, सहकारी येऊन भेटतात. दुःखाला जागा आहे, मुदत आहे, आणि मुदत संपली की परत यायची वाटही आहे. पण मूल जिवंत आहे, शाळेत जातंय, हसतंय, फक्त ते कधी कोसळेल सांगता येत नाही, आणि हे पुढच्या तीस-चाळीस वर्षांत केव्हाही होणार आहे, त्या दुःखाला कुठला दिवस नेमायचा?

अमेरिकेत सायमन ओल्शान्स्की नावाच्या समाजकार्यकर्त्याने १९६२ साली एक लेख लिहिला. बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या पालकांबरोबर तो काम करायचा. तेव्हाचे तज्ज्ञ म्हणायचे की पालकांनी काही काळ दुःख करावं आणि मग ‘स्वीकार’ करावा. जे स्वीकारत नाहीत त्यांच्यात काही बिघाड आहे. ओल्शान्स्की म्हणाला, बिघाड वगैरे काही नाही. कारण संपलेलं नाही तर दुःख कसं संपेल? ते आयुष्यभर राहणार, कधी कमी, कधी जास्त, आणि तसं असणं स्वाभाविक आहे. पुढे १९८९ साली केनेथ डोका या अभ्यासकाने आणखी एक गोष्ट मांडली. ज्या दुःखाला समाज दुःख म्हणून मान्यताच देत नाही, ते माणसाला लपवून करावं लागतं, आणि लपवण्याचा भार वेगळा पडतो. हे दोघेही आपल्या भागात कधी आलेले नसणार. पण त्यांनी लिहिलेलं मला इथल्या कुठल्याही सरकारी रुग्णालयाच्या व्हरांड्यात दिसतं.

हे दुःख दवाखान्यात फारसं येत नाही, हेही सांगितलं पाहिजे. दवाखान्यात कामं असतात. सलाईन, रक्ताची पिशवी, औषधाची चिठ्ठी, दूध, फोन चार्ज करणं. दुःख येतं नंतर, ऑफिसात, भलत्याच वेळी. सहकारी पोराचा पोहण्याच्या स्पर्धेतला फोटो दाखवतो. गार पाण्यात उतरायची माझ्या मुलीला मनाई आहे. मी फोटो बघून “वा!” म्हणतो, मनापासून म्हणतो, आणि पुढची दहा मिनिटं स्क्रीनवरची अक्षरं दिसत नाहीत. किंवा शाळेच्या गटात सहलीचा निरोप येतो. किंवा कुणी प्रेमानं दुवा पाठवतो, की डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेने सिकलसेलवर जनुकीय उपचार मंजूर केला, आता काळजी मिटली! मी त्याची किंमत आधीच वाचलेली असते. बावीस लाख डॉलर. रुपयात किती होतात ते मी एकदाच केलं.

सगळ्यात अवघड प्रश्न सगळ्यात साधा असतो. “बरी झाली का मुलगी?” विचारणारा आपुलकीनं विचारतो. पण या आजारात ‘बरी झाली’ असं उत्तर नाही. ‘हो’ म्हटलं तर महिन्याभरात पुन्हा रजा टाकताना खोटा ठरतो. ‘नाही’ म्हटलं तर विचारणाऱ्याचा चेहरा पडतो, आणि मग त्यालाच धीर द्यायचं कामही आपल्यावर येतं. माझ्या टीममधल्या एका बाईंनी कधीतरी प्रश्न बदलला. त्या विचारायच्या, “आज कशी आहे?” आणि लगेच पुढे, “तुझ्याकडचं आज काय काय माझ्याकडे टाकतोस?” मला आजवर मिळालेली सगळ्यात चांगली मदत हीच. त्यात सांत्वन नव्हतं, काम वाटून घेणं होतं. “धीर धर”, “अल्लाची मर्जी”, “मागच्या जन्मीचं देणं” ही वाक्यं चांगल्या मनानं म्हटली जातात, पण ती ऐकल्यावर पुढे बोलायला काही उरत नाही. मर्जी म्हटली की तक्रार करता येत नाही, आणि मागचा जन्म म्हटला की अपराधच कबूल करावा लागतो.

आता लॅपटॉपबद्दल. माझ्यासारख्यांना लोक म्हणतात, तुमचं बरं आहे, कुठूनही काम करता येतं. खरं आहे ते. मी वॉर्डातून काम केलंय. एका हाताला मुलीचा पाय, कारण चोळलं की तिला जरा बरं वाटतं, आणि दुसऱ्या हाताने टायपिंग. एकदा मिटिंग चालू असताना ती कळवळली, मी माइक बंद केला आणि कॅमेरा चालू ठेवला, म्हणजे कुणाला वाटायला नको की मी उठून गेलोय. ही सोय आहे हे मी नाकारत नाही. सोय नसती तर नोकरी गेली असती. पण या सोयीनं एक गोष्ट काढून घेतली. पूर्वी बाप दवाखान्यात असायचा तेव्हा तो दवाखान्यात असायचा. आता तो दोन्हीकडे असतो, आणि रजा मागायला गेला तर म्हणतात, “अरे, लॅपटॉप आहेच की जवळ.”

तरीही माझी तक्रार ही खुर्चीवर बसणाऱ्याची तक्रार आहे, याचं मला भान आहे. माझा एक परिचित भूमिगत खाणीत कंत्राटी कामगार आहे. जिल्हा किंवा खाण कुठली ते सांगत नाही, त्याने सांगू नको म्हटलंय. त्याच्या थोरल्या मुलाला सिकलसेल आहे. भूमिगत खाणीत मोबाईल नेता येत नाही, आणि तो नियम सुरक्षेसाठी आहे, योग्यच आहे. पण वरून खाली निरोप पोचवायची व्यवस्था कामाच्या निरोपांसाठी चालते, घरच्या निरोपासाठी नाही. रात्रपाळीत मुलाला क्रायसिस आला. बायकोनं शेजाऱ्याच्या मोटरसायकलवरून त्याला जिल्हा रुग्णालयात नेलं. बाप सकाळी पाळी संपवून वर आला, कपडे बदलले, कोनाड्यातला फोन हातात घेतला आणि एकोणीस मिस्ड कॉल बघितले. मूल वाचलं. पण तेव्हापासून खाली उतरताना दर पाळीला आपल्या छातीत काहीतरी अडकतं, असं तो सांगतो. सुपरवायझर त्याला म्हणाला होता, “तुह्या पोराले म्हयन्यात कितीक खेपा ताप येते रे?” कारण हा प्रत्येक खेपेला ‘पोराला ताप’ एवढंच सांगायचा. ठेकेदाराच्या मस्टरवर सलग खाडे पडले की नाव जातं, आणि नाव गेलं तर पुन्हा लागायला कुणाचे तरी पाय धरावे लागतात.

त्याने आजाराचं नाव का सांगितलं नाही? मी विचारलं. तो म्हणाला, “बहिणीचं जुळवणं चालू आहे.”

इथं मी थोडा थांबणार आहे, कारण बैठकीत कामगार प्रतिनिधी आहेत आणि त्यांना वाटतं की माणूस सांगत नाही म्हणजे त्याला गरज नाही. माणूस सांगत नाही कारण वसाहतीत क्वार्टरला क्वार्टर लागून असतं. कामावर सांगितलेलं संध्याकाळी घरी पोचतं, आणि घरून लग्नाच्या बाजारात. मुलाला आजार म्हणजे आईबाप दोघंही वाहक, हे साधं गणित आहे. दोघांचा एकेक जनुक लागतो, आणि प्रत्येक बाळंतपणात चारांत एक एवढी शक्यता असते. पण लोक ते दोघांवर विभागत नाहीत. दोष जातो सुनेकडे. सिकलसेल हा ‘खालच्या’ जातींचा आजार असा समज असल्यामुळे वरच्या म्हणवणाऱ्या घरांत तर तोंडाला कुलूपच. आमच्याही नात्यात मला सांगण्यात आलं होतं की थॅलेसेमिया म्हण, सिकलसेल म्हणू नको. जणू एक इज्जतीचा आजार आणि एक बिनइज्जतीचा. मी दोन्ही शब्द मोठ्यानं म्हणतो. लग्नाआधी मुलामुलींनी रक्त तपासावं, दोघंही वाहक निघाले तर समजून निर्णय घ्यावा, ही मागणी आपण करतोच. पण वाहक असणं हा कलंक राहिला तर कोण तपासून घेईल, आणि कोण कामावर सांगेल?

गडचिरोलीकडे वळलं की ‘कामाची जागा’ हे शब्दच बदलावे लागतात. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. पंधरवडाभर, कधी त्याहून कमी. पहाटे चारला बाया जंगलात शिरतात, दुपारपर्यंत पानं तोडून आणतात, सावलीत बसून घरातले सगळे मिळून पुडे बांधतात आणि संध्याकाळी फळीवर नेऊन मोजून देतात. वर्षातला मोठा रोख पैसा याच दिवसांत हातात येतो. आणि हेच दिवस उन्हाचे, म्हणजे क्रायसिसचे. मुलाला बरोबर न्यावं तर ऊन, घरी ठेवावं तर बघायला कुणी नाही. हंगामातले तीन दिवस मुलाजवळ बसली तर त्या बाईचा रजेचा अर्ज नामंजूर होत नाही, कारण अर्जच नसतो. तेवढे पुडे कमी होतात, एवढंच. वर्षाच्या हिशेबातलं भगदाड मात्र दिवाळीपर्यंत दिसत राहतं.

डॉक्टर राणी आणि अभय बंग गडचिरोलीत काम सुरू करत होते, तेव्हाचा एक अनुभव अभय बंग यांनी सांगितला आहे. इथं सिकलसेल मोठ्या प्रमाणावर आहे हे त्यांना तपासणीतून दिसलं, पण लोकांच्या लेखी तो त्यांच्या निकडीचा प्रश्न नव्हता. मला यात लोकांचं अज्ञान दिसत नाही. ज्यावर काही करता येत नाही त्याचं दुःख लोक वेगळं काढून दाखवत नाहीत, ते रोजच्या जगण्यातच मुरवून टाकतात. आता परिस्थिती बदलली आहे. हायड्रॉक्सियुरिया नावाची गोळी आहे. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉक्टर दीप्ती जैन यांनी मुलांवर केलेल्या अभ्यासात किलोमागे रोज दहा मिलिग्रॅम एवढ्या कमी डोसनेही क्रायसिस कमी झाल्याचं दिसलं. १ जुलै २०२३ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय अभियान सुरू झालं, २०४७पर्यंतचं लक्ष्य आहे, सात कोटी लोक तपासायचं ठरलं. चंद्रपुरात आयसीएमआरचं संशोधन केंद्र आहे. काहीतरी करता येतं. पण त्यासाठी महिन्याला दवाखान्यात जावं लागतं, रक्त तपासावं लागतं, आणि भामरागडहून जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन परत यायचं म्हणजे मजुरी बुडते. उपचार फुकट आहे हो, दिवस फुकट नाही.

कायद्याकडे येतो. अपंगत्वाच्या २०१६च्या कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यांत सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया आहेत. हे आपोआप झालेलं नाही. नागपूरचे संपत रामटेके यांच्या मुलाला सिकलसेल होता. त्यांनी सिकलसेल सोसायटी ऑफ इंडिया उभी केली आणि या आजाराला मान्यता मिळावी म्हणून वर्षानुवर्षं सरकारदरबारी खेटे घातले. २०१८ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. त्यांच्याबद्दल मला अतोनात आदर आहे. पण पालकांच्या बैठकांत त्यांचं नाव घेऊन कुणी म्हणतं की बघा, दुःखाचं कार्यात रूपांतर करा, तेव्हा मी मनातल्या मनात विरोध करतो. रामटेके होणं ही सगळ्यांवरची सक्ती असू नये. कुणा बापाला नुसती नोकरी सांभाळून मुलाजवळ बसायचं असेल, तर त्याला तेवढं जमलं पाहिजे.

या कायद्यामुळे नोकरदाराला काय मिळतं? केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याचं मूल अपंग असेल तर नेहमीच्या फिरत्या बदलीतून सूट, असं जून २०१४पासून आहे. केंद्रातल्या महिला कर्मचाऱ्यांना ७३० दिवसांची बालसंगोपन रजा २००८पासून आहे. आपल्या राज्यात २०१८च्या शासन निर्णयाने १८० दिवस आले. म्हणून माझ्या बायकोला रजा आहे. तोच निर्णय पुरुषाला रजा देतो, पण बायको हयात नसेल किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळली असेल तरच. म्हणजे बापाला मुलाजवळ बसायचं तर आधी आई जायला हवी! हे लिहिणाऱ्याच्या मनात वाईट काही नसणार. त्याच्या मनात फक्त बाप नव्हता.

२२ एप्रिल २०२४ला सर्वोच्च न्यायालयात हिमाचल प्रदेशातल्या एका सरकारी महाविद्यालयातल्या सहाय्यक प्राध्यापिकेचं प्रकरण आलं. मुलाला हाडं ठिसूळ करणारा जन्मजात आजार, सततच्या शस्त्रक्रिया, आणि तिची सगळी रजा संपलेली. राज्यात बालसंगोपन रजेची तरतूद नाही म्हणून अर्ज नाकारला होता. न्यायालय म्हणालं, स्त्रियांचा नोकरीतला सहभाग हा संविधानाने दिलेल्या हक्काचा प्रश्न आहे, आणि अशा आईला रजा नाकारणं म्हणजे तिला नोकरी सोडायला भाग पाडणं. हे महत्त्वाचं आहे. त्यात दयेची भाषा नाही, हक्काची आहे.

पण हे सगळं कायम सरकारी नोकरीतलं. कारखान्यातल्या विमाधारक कामगाराला ईएसआय आहे. त्याच्या मुलाला औषधोपचार मिळतो, आणि तो स्वतः आजारी पडला तर वर्षातून ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. मुलाजवळ बसण्यासाठी त्याला तिथून एकही दिवस मिळत नाही. वीस दिवस काम केल्यावर एक, अशी जी भरपगारी रजा साठते, ती पहिल्या दोन क्रायसिसमध्ये संपते. ठेकेदाराकडच्या माणसाला तीही कागदावरच. म्हणजे आजार जिथं जास्त, तिथं रजा कमी. या जिल्ह्यांत ते दोन्ही नकाशे एकमेकांवर ठेवून बघा.

आणखी एक गोष्ट, प्रमाणपत्राची. सवलतींसाठी चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व लागतं. तपासणीच्या दिवशी मुलगी छान होती, वेणी घालून गेली होती. मी बाहेर बाकावर बसून तिचे जुने डिस्चार्ज कार्ड लावत होतो, सगळ्यात वाईट वरती. जी मुलगी बरी दिसावी म्हणून वर्षभर धडपडायचं, ती आज पुरेशी आजारी ठरावी म्हणून मी कागद रचत होतो. शेजारी कुरखेड्याकडून आलेले एक गृहस्थ तेच करत होते. आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि दोघंही हसलो. काय करणार!

मागायचं काय, तर फार काही नाही. आगाऊ न कळवता घेता येणारी रजा, अर्ध्या दिवसाचीसुद्धा, आईला आणि बापाला दोघांना, आणि ती ठेकेदाराच्या मस्टरवरही. खाणीत आणि वीज केंद्रात घरचा तातडीचा निरोप पाळीच्या आत माणसापर्यंत पोचवायची नेमून दिलेली जबाबदारी. अशा पालकाला शक्य तिथं रात्रपाळीतून सूट. युनियनच्या मागणीपत्रात वेतनवाढीच्या खाली एवढ्या तीन ओळी बसतात. आणि तेंदूच्या बाबतीत मला गडचिरोलीच्या ग्रामसभांकडून आशा आहे. मेंढा-लेखाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाले, पुढे अनेक ग्रामसभा स्वतः बांबू आणि तेंदूचा व्यवहार बघू लागल्या. तिथं मालक आणि मजूर वेगळे नाहीत. हंगामात मुलापाशी बसलेल्या बाईचे दिवस नफ्याच्या वाटपात धरायचे, हा ठराव करायला त्यांना मंत्रालयात जायची गरज नाही. फळीवर सावली आणि पाण्याची सोय तर आजही करता येईल.

आमच्या कंपनीत मी लेखी मागणी केली आणि रजेच्या यादीत एक नवीन कारण आलं, ‘कुटुंबातील दीर्घ आजार’. मला बरं वाटलं. पहिले पाच महिने ते एकाही माणसाने निवडलं नाही. मी सोडून. नंतर कळलं, लोकांना भीती होती की ही नोंद टीममधले सगळे वरिष्ठ बघतात आणि पुढच्या प्रोजेक्टला माणसं निवडताना वापरतात. भीती खोटी नव्हती, तसं दिसत होतंच. मग ते कारण फक्त मनुष्यबळ विभागातल्या एकाच व्यक्तीला दिसेल असं केलं, बाकीच्यांना नुसतं ‘मंजूर रजा’. त्यानंतर सात जणांनी निवडलं. त्यांच्यापैकी एक जण माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसतो, चार वर्षं. त्याच्या मुलाला हिमोफिलिया आहे. हे मला सॉफ्टवेअरमधून कळलं नाही, चहाच्या टपरीवर त्याने स्वतः सांगितलं.

आता पालकांपैकी ज्यांना बोलायचंय त्यांनी बोलावं. नाव, गाव, कामाचं ठिकाण सांगायची काही गरज नाही, आणि इथं कुणी फोनवर चित्रण करू नये ही विनंती. बाहेर त्रेचाळीस अंश आहे. पाण्याचे कॅन दाराजवळच्या टेबलावर ठेवलेत. मुलं खेळत असतील तर दर थोड्या वेळानं उठून त्यांना पाजून या, माझं किंवा कुणाचंही बोलणं मध्येच सोडून गेलात तरी चालेल.